आफ्रिकेतील नेतृत्व, शिक्षण आणि विकास: मराठवाड्यातील संशोधकाने विषय कसा हाताळावा

एम.ए.च्या प्रकल्पासाठी किंवा पीएच.डी.च्या आराखड्यासाठी आफ्रिकेचा विषय घ्यावा असे ज्यांना वाटते, त्यांची पहिली अडचण शीर्षकातच असते. ‘आफ्रिकेतील नेतृत्व, शिक्षण आणि विकास: एक चिकित्सक अभ्यास’ हे शीर्षक कागदावर भारदस्त दिसते; पण आफ्रिकी संघाचे आज ५५ सदस्य आहेत, त्यांच्या शाळांतील माध्यमभाषा वेगळ्या, ज्या युरोपीय सत्तांच्या अमलाखाली ते होते त्या वेगळ्या आणि स्वातंत्र्याच्या तारखाही दूरदूर विखुरलेल्या आहेत. घाना ६ मार्च १९५७ रोजी स्वतंत्र झाला, टांगानिका ९ डिसेंबर १९६१ रोजी, बोट्स्वाना ३० सप्टेंबर १९६६ रोजी, तर नामिबियाला १९९० उजाडावे लागले. एवढा ऐवज एका प्रबंधात मावत नाही, आणि आरआरसीमध्ये, म्हणजे संशोधन मान्यता समितीत, ‘व्याप्ती कमी करा’ असा शेरा मिळाला तर तो योग्यच मानावा.

व्याप्ती कमी करण्याची रीत मात्र नीट समजून घेतली पाहिजे. बहुतेक विद्यार्थी खंड सोडून एक देश घेतात, मग त्या देशाचा एक थोर नेता निवडतात आणि त्याचे चरित्र लिहू लागतात. त्यातून जन्म, शिक्षण, तुरुंगवास, सत्ता, मृत्यू अशी प्रकरणे तयार होतात आणि शिक्षण व विकास हे दोन्ही विषय शेवटच्या प्रकरणात दाटीवाटीने बसवावे लागतात. माझे सांगणे असे आहे की, नेता निवडू नये. त्याने घेतलेला एक निर्णय निवडावा आणि तो निर्णय भाषणातून निघून शाळेच्या दारापर्यंत कसा पोहोचला, वाटेत त्याचे काय झाले, याचा माग काढावा. नेतृत्व म्हणजे काय हे त्या मागातून जेवढे कळते तेवढे गुणवर्णनातून कळत नाही.

असे निर्णय शोधायला फार दूर जावे लागत नाही. घानात क्वामे एन्क्रुमा यांच्या सरकारने १९६१ च्या शिक्षण कायद्याने प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. केनियात जोमो केन्याटा यांनी ‘हरांबे’, म्हणजे सारे मिळून ओढू या, अशी हाक दिल्यावर गावोगावच्या लोकांनी वर्गण्या काढून माध्यमिक शाळा बांधल्या, आणि त्या शाळांना शिक्षक कोण देणार हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे सरकारच्या गळ्यात राहिला. युगांडाने १९९७ मध्ये प्राथमिक शिक्षणाचे शुल्क काढले. बोट्स्वानात १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या आवाहनावरून, विद्यापीठाची इमारत उभी राहावी म्हणून लोकांनी माणशी एक जनावर या हिशेबाने गुरे, आणि ज्यांच्याकडे गुरे नव्हती त्यांनी धान्य, पैसे, जमेल ते दिले. यांपैकी कोणताही एक निर्णय एम.ए.च्या प्रकल्पाला पुरेसा आहे.

येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. आपल्या भागात आफ्रिका म्हटले की मलिक अंबर आठवतो, आणि ते स्वाभाविकही आहे. इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता झाला, त्याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली, शहराला नहरीचे पाणी दिले आणि खुलताबादेत त्याची कबर आजही आहे. तरीसुद्धा विसाव्या शतकातील आफ्रिकी शिक्षणधोरणावरच्या प्रबंधाचे पहिले प्रकरण मलिक अंबरने सुरू करू नये. तो दख्खनच्या इतिहासाचा विषय आहे. स्थानिक धागा दाखवण्याच्या हौसेने तो ओढून आणला, की परीक्षकाला वाचनाचा तुटवडा लगेच दिसतो.

एका निर्णयाचा माग: टांझानिया, १९६७

पहिल्यांदाच हा विषय घेणाऱ्याला मी टांझानिया सुचवीन. तेथील पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे स्वतः शिक्षक होते, मकेरेरे आणि एडिंबरो येथे शिकलेले होते, आणि आपल्या धोरणांमागचा विचार ते स्वतः, साध्या इंग्रजीत, विस्ताराने लिहीत. लोक त्यांना अखेरपर्यंत ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, म्हणत राहिले. समाजवाद आणि स्वावलंबन हे देशाचे धोरण ठरवणारा ५ फेब्रुवारी १९६७ चा अरुशा जाहीरनामा आणि त्यानंतर मार्चमध्ये प्रसिद्ध झालेला ‘स्वावलंबनासाठी शिक्षण’ हा निबंध ही दोन कागदपत्रे हातात घेऊन अभ्यास सुरू करता येतो.

निबंध पेन्सिल घेऊन वाचावा. त्यात न्येरेरे सांगतात की, प्राथमिक शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी जेमतेम १३ टक्के मुलांना माध्यमिक शाळेत जागा मिळते, आणि उरलेली ८७ टक्के मुले आपण नापास झालो, आपले काहीतरी हुकले, अशी भावना घेऊन घरी जातात. कारण प्राथमिक शाळेकडे पुढच्या शाळेची पूर्वतयारी म्हणूनच पाहिले जाते. त्यावर त्यांचे उत्तर असे की, प्राथमिक शिक्षण स्वतःपुरते पूर्ण असावे, मुलांच्या प्रवेशाचे वय थोडे वाढवावे, परीक्षेचे महत्त्व उतरवावे आणि प्रत्येक शाळेला शेत किंवा कार्यशाळा असावी, जिच्या उत्पन्नाचा व खर्चाचा हिशेब मुलांनाही कळावा. हा मजकूर आपल्याकडच्या वाचकाला गांधीजींच्या नई तालीमच्या जवळचा वाटेल. परंतु साम्य दिसले म्हणून लगेच प्रभाव सिद्ध होत नाही. प्रभाव म्हणायचा असेल तर तसा पुरावा द्यावा, नसेल तर साम्य म्हणून थांबावे.

यानंतर कागदावरून नजर मागे न्यावी. निबंध मार्च १९६७ चा आहे. त्याच्या पाच महिने आधी, ऑक्टोबर १९६६ मध्ये, दार-एस-सलामच्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी सक्तीच्या राष्ट्रीय सेवेविरुद्ध मोर्चा काढला होता. या सेवेच्या काळात पगाराचा काही भागच हातात पडणार होता, हा त्यांचा मुख्य आक्षेप. न्येरेरे यांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, सुमारे ४०० विद्यार्थ्यांना घरी पाठवले आणि त्याच वेळी स्वतःच्या पगारात २० टक्के कपात जाहीर केली. शिकलेला वर्ग देशाकडून घेतो किती आणि देतो किती, हा निबंधातला रोष कोठून आला हे या घटनेवाचून समजत नाही. ज्या संशोधकाने मोर्चाचा प्रसंग वाचलेला नाही त्याला तो निबंध नुसता उपदेश वाटतो.

मग नजर पुढे न्यावी, आणि येथेच खरे काम आहे. १९७४ मध्ये मुसोमा येथे सत्ताधारी पक्षाने ठरवले की सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाचे उद्दिष्ट १९८९ ऐवजी १९७७ पर्यंतच गाठायचे. त्यासाठी लागणारे शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयांतून येणे शक्यच नव्हते, म्हणून सातवी शिकलेल्या तरुणांना गावातच, शिकवता शिकवता, तयार करण्यात आले. पटसंख्या झपाट्याने वाढली, प्रौढ साक्षरतेतही देशाने मोठी मजल मारली. याच वर्षांत, १९७३ ते १९७६ या काळात, विखुरलेल्या वस्त्यांतील लाखो लोकांना उजामा या सामूहिक खेड्यांच्या योजनेतील गावांत हलवण्यात आले. सुरुवातीला स्वेच्छेचे असलेले हे स्थलांतर पुढे सक्तीचे झाले, आणि काही ठिकाणी लोकांची जुनी घरे मोडण्यात आली. शाळा गावात आली याचे श्रेय आणि गाव कसे वसले याचा दोष या दोन्ही गोष्टी एकाच निर्णयसाखळीत आहेत. त्या वेगवेगळ्या प्रकरणांत टाकून एकीचे कौतुक आणि दुसरीवर टीका करणे म्हणजे विषयाला बगल देणे होय.

मराठवाड्यातील वाचकाने सहकाराकडे विशेष लक्ष द्यावे. टांझानियात शेतकऱ्यांचे सहकारी संघ वसाहतकाळापासून होते आणि स्वातंत्र्याच्या चळवळीला त्यांचे बळ होते. १९७६ मध्ये सरकारने ते बरखास्त केले, आणि १९८२ च्या कायद्याने पुन्हा उभे केले. ज्या गावात शाळेचा खर्च शेतमालाच्या उत्पन्नावर चालतो तेथे संघ गेला म्हणजे शाळेचे काय झाले, हा प्रश्न सहकारी कारखाने आणि जिल्हा बँका जवळून पाहिलेल्या आपल्या विद्यार्थ्याला सुचेल तेवढा सहज लंडनच्या विद्यार्थ्याला सुचणार नाही. असा प्रश्न सुचला तर तो आराखड्यात जरूर लिहावा.

माग १९८५ मध्ये, न्येरेरे पायउतार झाले तेथे, थांबवू नये. १९८६ मध्ये नव्या सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार केला. ऐंशीच्या दशकात शाळांत पालकांकडून पैसे घेणे पुन्हा सुरू झाले, मुले गळू लागली, आणि प्राथमिक शुल्क रद्द करण्याचा निर्णय २००१ मध्ये झाला. भाषेचा प्रश्न तर अजूनही तसाच आहे: प्राथमिक शाळेत किस्वाहिली आणि माध्यमिकमध्ये इंग्रजी.

नोंदी काढण्यासाठी वहीच्या पानाचे तीन उभे रकाने करावेत. पहिल्यात काय म्हटले गेले, दुसऱ्यात काय घडले, आणि तिसऱ्यात ते कोणाच्या हातून, कोणाच्या पैशावर आणि कोणत्या भाषेत घडले. तिसरा रकाना बहुधा रिकामा राहतो. तो भरत जाईल तसतसा प्रबंध आकार घेतो.

अभ्यासकाचे लेखन कसे वाचावे

घटनांचा माग काढून झाल्यावर त्यांच्याकडे पाहण्याची चौकट लागते, आणि ती शक्यतो आफ्रिकेतील अभ्यासकाकडून घ्यावी. येथे मी थांडिका मकांडाविरे यांचे नाव सुचवतो. १९४० मध्ये जन्मलेले हे मलावीचे अर्थशास्त्रज्ञ तरुणपणी पत्रकार होते. अमेरिकेत शिकत असताना मलावीतील हेस्टिंग्ज बांडा यांच्या हुकूमशाही राजवटीमुळे त्यांना मायदेशी परतता आले नाही आणि त्यांना स्वीडनचा आश्रय घ्यावा लागला. १९८६ ते १९९६ या काळात ते डकार येथील कोडेस्रिया या समाजशास्त्रीय संशोधन परिषदेचे कार्यकारी सचिव होते, १९९८ ते २००९ जिनिव्हातील संयुक्त राष्ट्रांच्या सामाजिक विकास संशोधन संस्थेचे संचालक होते, आणि त्यानंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आफ्रिकी विकासाचे प्राध्यापक. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

एखाद्या अभ्यासकाचे आयुष्यभराचे लेखन वाचताना ‘तो हे कोठे बसून, कोणत्या काळात लिहीत होता’ हा प्रश्न प्रत्येक लेखाच्या डोक्यावर लिहून ठेवावा. मकांडाविरे डकारमध्ये होते तेव्हा रचनात्मक समायोजनाची, म्हणजे कर्जाच्या अटी म्हणून सरकारी खर्च कापण्याची, लाट होती, विद्यापीठांचे अनुदान आटत होते, प्राध्यापक देश सोडत होते, आणि याच काळात, नोव्हेंबर १९९० मध्ये, कंपाला येथे बौद्धिक स्वातंत्र्याचा जाहीरनामा झाला. त्यांच्या त्या वर्षांतल्या लेखनाला असलेली धार या पार्श्वभूमीशिवाय कळत नाही.

वाचनाची सुरुवात त्यांच्या १९९५ मधील आफ्रिकी प्राध्यापकांच्या तीन पिढ्यांवरील टिपणाने करावी. ते छोटे आहे आणि त्यात नेतृत्व, शिक्षण आणि विकास हे तिन्ही धागे एकत्र आहेत. पहिली पिढी परदेशी शिकून परतली आणि नव्या विद्यापीठांत रुजू झाली. दुसरी परदेशी गेली आणि तिच्यातील पुष्कळ जण तिकडेच राहिले. तिसरी मायदेशीच, ग्रंथालये ओस पडत असताना आणि पगार पुरत नसताना, तयार झाली. त्यानंतर २००१ मधला विकासाभिमुख राज्यसंस्थेवरील लेख घ्यावा. त्यातील दोन मुद्दे विद्यार्थ्याने आपल्या शब्दांत लिहून काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. एक असा की, राज्यसंस्था विकासाभिमुख आहे की नाही हे पाहताना तिची इच्छा आणि तिची क्षमता या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. दुसरा मुद्दा पद्धतीचा आहे: अर्थव्यवस्था वाढली म्हणून राज्यसंस्था विकासाभिमुख ठरवायची आणि मग ती विकासाभिमुख होती म्हणून अर्थव्यवस्था वाढली असे म्हणायचे, हा तर्क स्वतःभोवतीच फिरतो. प्रयत्न प्रामाणिक असूनही तो फसू शकतो, आणि फसला म्हणजे तो प्रामाणिक नव्हता असे होत नाही.

या दुसऱ्या मुद्द्यासाठी एवढी जागा देण्याचे कारण असे की, नेतृत्वावरचे आपल्याकडचे बहुतांश लेखन याच चुकीच्या तर्कावर उभे असते. सेरेत्से खामा दूरदृष्टीचे होते, का, तर बोट्स्वाना संपन्न झाला. मग ओरापा येथे १९६७ मध्ये सापडलेल्या हिऱ्यांचे काय? हिरे इतरही देशांत सापडले आणि तेथे युद्धे झाली, हे खरे, म्हणूनच खामा यांच्या सरकारने नेमके कोणते करार केले आणि आलेला पैसा कशावर लावला हे दाखवावे लागते. दूरदृष्टी हा शब्द त्या तपशिलानंतर वापरता येईल, आधी नाही.

मकांडाविरे यांची ‘पर्यायहीन लोकशाही’ ही कल्पनाही महत्त्वाची आहे: लोक सरकार निवडतात, पण कर्ज देणाऱ्यांच्या अटींमुळे धोरण आधीच ठरलेले असते. नव्वदच्या दशकातील कोणत्याही आफ्रिकी शिक्षणमंत्र्याचे मूल्यमापन करताना ही कल्पना हाताशी ठेवावी. मात्र एकाच अभ्यासकाच्या मागे डोळे मिटून जाऊ नये. आफ्रिकेच्या दुरवस्थेचे खापर मुख्यतः देशांतर्गत धोरणांवर फोडणारा जागतिक बँकेचा १९८१ चा अहवाल मुळातून वाचावा, कारण मकांडाविरे ज्यांच्याशी वाद घालतात त्यांचे म्हणणे त्यांच्याच अवतरणांतून घेणे म्हणजे एकाच बाजूच्या वकिलाचे ऐकून निकाल देणे. नायजेरियाचे क्लॉड आके आणि मुंबईत जन्मलेले युगांडाचे महमूद ममदानी यांचेही थोडे वाचन हवे.

साधने आणि तुलना

साधनांची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. कोडेस्रियाची नियतकालिके आणि जिनिव्हातील संस्थेचे निबंध ऑनलाइन मोफत वाचता येतात, जागतिक बँकेचे जुने अहवालही मिळतात, दक्षिण आफ्रिकेतून चालणाऱ्या ‘आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन’वर तेथील विद्यापीठांची नियतकालिके आहेत, आणि शोधगंगेवर भारतात झालेले प्रबंध पाहता येतात. शोधगंगा आधी पाहावी, कारण आपला विषय कोणी घेऊन ठेवला आहे का हे तेथे कळते. परंतु तेथील प्रबंध हे दुय्यम साधनच आहे, त्यातली अवतरणे उचलून संदर्भ मूळ ग्रंथाचा देणे हे साहित्यचौर्यच होय. दिल्ली विद्यापीठात आफ्रिकी अध्ययन विभाग १९५५ पासून आणि मुंबई विद्यापीठात आफ्रिकी अध्ययन केंद्र १९७१ पासून आहे. मुंबईला देवगिरी किंवा नंदीग्राम एक्सप्रेसने एका रात्रीत जाता येते. मार्गदर्शकांचे पत्र घेऊन जावे आणि तेथील ग्रंथालयात काही दिवस बसावे.

छत्रपती संभाजीनगरात शिकायला आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्यांशी बोलावे असे अनेकांना सुचते. अवश्य बोलावे, पण सुदानहून आलेल्या मुलाला टांझानियाच्या धोरणाबद्दल विचारणे म्हणजे बिलोलीच्या माणसाला केरळच्या शाळांबद्दल विचारण्यासारखे आहे. त्याच्या स्वतःच्या शाळेबद्दल विचारावे, लेखी संमती घ्यावी आणि प्रबंधात नाव देऊ नये.

मराठवाड्याशी तुलना करावी का, हा प्रश्न प्रत्येक वेळी निघतो. माझे मत असे की, एम.ए.च्या प्रकल्पात करू नये, पीएच.डी.त करायची तर समान पातळीवरच्या गोष्टींची करावी. टांझानिया हे सार्वभौम राज्य आहे, मराठवाडा हा एका राज्याचा विभाग आहे. येथील विकासाची चर्चा १९८३ च्या दांडेकर समितीपासून अनुशेषाच्या भाषेत होत आली, म्हणजे ती राज्याकडून आपला वाटा मागण्याची चर्चा आहे. चलन, परकीय कर्ज, आयातकर यांवर मराठवाड्याला निर्णय घ्यायचा नसतो. त्यामुळे मकांडाविरे यांची राज्यसंस्थेची चौकट जशीच्या तशी बीड किंवा हिंगोलीला लावली तर ती तुटते.

जेथे तुलना टिकते अशा जागा मोजक्याच, पण चांगल्या आहेत. माध्यमाची एक: निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून उर्दू माध्यमातून चालले, १९५८ मध्ये येथे विद्यापीठ होईपर्यंत मराठवाड्यातील मराठी मुलाला उच्च शिक्षणासाठी तिकडे पाहावे लागे, आणि हिप्परगा व अंबाजोगाई येथील राष्ट्रीय वृत्तीच्या शाळांनी त्याला दिलेले उत्तर हे नेतृत्वाचेच काम होते, स्वामी रामानंद तीर्थ त्या शाळांतूनच पुढे आले. शिक्षकाचा नेता होणे ही गोष्ट दार-एस-सलामइतकीच अंबाजोगाईची आहे. दुसरी जागा लोकवर्गणीची: केनियाची हरांबे शाळा, बोट्स्वानातील गुरे आणि आपल्याकडे गावकऱ्यांच्या देणग्यांवर उभ्या राहिलेल्या शिक्षणसंस्था यांची तुलना करताना, वर्गणी देणारा गट पुढे संस्थेच्या कारभारात राहिला की बाहेर पडला, एवढा एकच प्रश्न घेतला तरी चार प्रकरणे होतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे आणि पूर्व आफ्रिकेतील पशुपालक समाजांच्या मुलांची शाळा हीदेखील जोडी शक्य आहे. मात्र तिच्यासाठी दोन्हीकडचे क्षेत्रकाम लागते, आणि शिष्यवृत्ती हाती नसेल तर ती घेऊ नये.

प्रबंध मराठीत लिहिण्यास कचरू नये. न्येरेरे किंवा मकांडाविरे यांची अवतरणे स्वतः भाषांतरित करावीत, मूळ इंग्रजी मजकूर परिशिष्टात द्यावा आणि भाषांतर आपले आहे हे पहिल्याच तळटीपेत सांगावे. विशेषनामांचे लेखन पहिल्या पानापासून अखेरपर्यंत एकसारखे असावे. एका प्रकरणात न्येरेरे, दुसऱ्यात नायरेरे आणि संदर्भसूचीत तिसरेच काही, असे झाले की परीक्षकाचे बोट तेथेच थांबते. टांगानिका आणि टांझानिया यांतला फरकही पाळावा: झांझिबारशी संघटन झाले ते २६ एप्रिल १९६४ रोजी, आणि टांझानिया हे नाव त्यानंतरचे आहे, म्हणून १९६१ मध्ये ‘टांझानिया स्वतंत्र झाला’ असे वाक्य प्रबंधात येऊ देऊ नये.